आधी गाव बघा, मग जमीन

दुसऱ्याच्या रानात पाय टाकायच्या आधी मामा चपला काढायचे. बांधापाशी थांबायचे, काठी बगलेत धरायचे, वाकून दोन्ही चपला उचलायचे, तळ एकमेकांवर आपटून माती झाडायचे आणि मग अनवाणी आत शिरायचे. चपला हातात. बरोबर पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक असायचं, पायांत पांढरे बूट, अंगाला सेंटचा वास. मामा त्यांना काही म्हणायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. ते तसे उभे राहिले की भल्याभल्यांचा हात बुटाच्या नाडीकडे जायचा. सराट्याच्या काट्यांतून 'अगं आई गं' करत चालणारी पुण्याची माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

मी तेव्हा वरवंडला हायवेलगतच्या एका ऑफिसात कामाला होते. आत खेड्यांतल्या जमिनी घ्यायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे आणि शहरातल्या लोकांना फार्महाऊससाठी विकायचे, असा आमच्या साहेबांचा धंदा. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पुण्याच्या माणसाला एकाएकी काळ्या मातीचं प्रेम फुटलं होतं. मी दौंडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी, मराठी घेऊन बी.ए. झालेली. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला दौंडात काय मिळणार, कप्पाळ? ही नोकरी मिळाली. फोन घ्यायचा, पत्रं लिहायची, आल्यागेल्याला चहा सांगायचा आणि जाहिरातीचा मजकूर तयार करायचा. 'निसर्गरम्य' हा शब्द त्या काळात मी जितक्या वेळा लिहिला तितक्या वेळा स्वतःची सही केली नसेल.

मामा हे ऑफिसचे माणूस नव्हते, पण त्यांच्यावाचून ऑफिसचं पान हलत नव्हतं. हायवे सोडून सात-आठ किलोमीटर आत एक गाव होतं, तिथल्या माळावर धनगरांची पंधरा-वीस घरांची वस्ती होती, त्या वस्तीतले ते. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण ते कुणी कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. वडील शिरूरकडचे, कवठे येमाईच्या बाजूचे. दर वर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन भीमा ओलांडून खाली यायचे. एका वर्षी या माळावर वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, पडला, मामांच्या आईला तिथंच दिवस भरले आणि मामा जन्माला आले. मग परत जाणं लांबत गेलं आणि वस्ती झाली. ज्वारी, थोडा कांदा, आणि प्रत्येक घरामागे मेंढरं.

पंचक्रोशीतला कुठला बांध कुठं वळतो आणि कुठल्या बाभळीखाली कुणाचं भांडण झालं, हे मामांना पाठ. म्हणून साहेबांनी त्यांना गिऱ्हाइकांना जमीन दाखवायच्या कामावर धरलं. पण मामा जमीन दाखवायचेच नाहीत. गाडी गावात शिरली की खाली उतरून म्हणायचे, "आधी गाव बघा, मंग जमीन."

आणि खरंच दाखवायचे. बिरोबाचं देऊळ, शाळा, गोड पाण्याची विहीर, खाऱ्या पाण्याची विहीर, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची म्हैस मारकी आहे, मयत झाली तर कुठल्या घरून पहिला डबा येतो. दीड तास जायचा. साहेब एकदा वैतागून म्हणाले, मामा, ह्यांना जमीन घ्यायचीय, सोयरीक नाही करायची. मामा म्हणाले, "जिमीन घेतली म्हंजी सोयरीकच झाली की वो."

खोटं बोलणं त्यांना जमत नसे. साहेबांनी पढवून ठेवलं होतं, पाण्याचं विचारलं की बारमाही सांगायचं. एका बाईंनी विचारलं. मामांनी साहेबांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, बारमाही हाय, आठ म्हैने हिरीत आन् चार म्हैने टँकरात. दुसऱ्या एका गृहस्थांनी साप आहेत का विचारलं. हायेत की, मामा म्हणाले, तेंचं घर हाय ते. आणि घाबरलेल्या त्या माणसाला धीर द्यायला म्हणून, कुठला साप कुठल्या महिन्यात कुठं निघतो तेही सांगून टाकलं. तो माणूस गाडीतून उतरलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, अशा माणसाला साहेबांनी ठेवलं कशाला? त्याचं असं की, गिऱ्हाइकं मामांमुळेच जमीन घ्यायची. पाणी चार महिने नाही असं तोंडावर सांगणारा माणूस भेटला की बाकीचं सगळं खरं वाटायला लागतं. साहेबांना हे बरोबर उमगलं होतं. माणूस वाईट नव्हता, धंदा करणारा होता, एवढंच.

त्याच सुमाराला साहेबांच्या मनात आलं की गावाची ओळख करून देणारं एक छानसं रंगीत माहितीपत्रक काढावं. पाहुण्यांनी यावं, गाव बघावं, जमीन घ्यावी. मजकूर अर्थात मी लिहायचा आणि माहिती मामांनी सांगायची. तीन दिवस मी त्यांच्यामागे वही घेऊन हिंडले. माझ्या नोकरीतले तेवढे तीन दिवस मी आनंदाने आठवते.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लिहिण्याचा मान फार. मला सगळे ऑफिसात 'मॅडम' म्हणायचे, ते 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. प्रत्येक ठिकाणी थांबून सांगायचे, "हे लिवा." देवळातल्या घंटेला चीर कशी गेली, लिवा. शाळेतला पहिला मास्तर रोज किती लांबून चालत यायचा, लिवा. सुगी झाल्यावर शेतकरी बोलावून नेऊन आपल्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीचं खत मिळतं म्हणून, आणि त्या वेळी कुणी कुणाला 'माझं रान' म्हणत नाही, हेही लिवा. मी लिहीत गेले. मध्येच मामा वही हातात घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवायचे आणि परत द्यायचे.

तिसऱ्या दिवशी ते मला वाटेवर घेऊन गेले. वस्तीपासून निघून माळ उतरून खाली ओढ्याच्या डोहापर्यंत जाणारी मेंढरांची वाट. दोन पिढ्यांच्या खुरांनी ती गुडघाभर खोल झाली होती. दोन्ही अंगांना निवडुंग, मध्ये पिठासारखी मऊ माती. डोहाला उन्हाळ्यातही पाणी असायचं. रोज सकाळी वस्तीवरची सगळी मेंढरं त्या वाटेने पाण्यावर जायची. ती वाट मामांच्या भावकीच्या सामायिक रानातून जात होती. नकाशात नव्हती, सातबाऱ्यावर नव्हती. वाट कागदावर घालायची असते हेच तिथं कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. रान ह्याचं असो की त्याचं, वाट सगळ्यांची.

मामांनी तिथं चपला काढल्या. म्हटलं, मामा, हे तर तुमचंच रान आहे. तर म्हणाले, रान माजं, वाट माजी न्हाई. आणि मग काठी टेकवून सावकाश, शब्दाशब्दाला थांबत सांगितलं, "लिवा, बाई. वस्तीपास्नं डोहापातूर मेंढरांची वाट हाय. ती कुनाची न्हाई, म्हून कुनी आडवायची न्हाई."

मी शब्दशः लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. दाखवलं. "बराबर," म्हणाले.

साहेबांनी मजकूर वाचला. चीर गेलेली घंटा ठेवली, मास्तर ठेवला, 'आधी गाव बघा, मग जमीन' हे तर इतकं आवडलं की पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत घ्यायला सांगितलं. वाटेच्या ओळींवर मात्र लाल रेघ मारली. वस्तीखालचा तो सगळा माळ ते घ्यायच्या विचारात होते, हे मला तेव्हा ठाऊक होतं. मेंढरांची वाट आहे असं छापलं तर कुठलं गिऱ्हाईक त्यात झाडं लावील? मी एकदा म्हणून पाहिलं, सर, मामांनी मुद्दाम सांगितलंय. साहेब हसून म्हणाले, अहो, ते कुठं वाचणार आहेत? मी हसले नाही, एवढंच. त्या जागी माझ्या हाताने लिहून दिलं, 'शहराच्या गोंगाटापासून दूर, निसर्गाच्या कुशीत.'

पत्रकं छापून आली त्या दिवशी ऑफिसात गर्दी होती. साहेब पेढे वाटत होते. मामांनी एक पत्रक उचललं, त्याचा वास घेतला. वरच्या फोटोत देऊळ होतं आणि देवळाकडे जाणारी त्यांची स्वतःची पाठ होती. ती त्यांनी ओळखली आणि लाजले. मग माझ्या टेबलापाशी येऊन हळूच विचारलं, "बाई, वाटंचं लिवलंय न्हवं?"

साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. माझ्या बाजूला पत्रकांचा गठ्ठा होता, मी त्याकडे वळून पाहत म्हणाले, "हो मामा, लिहिलंय."

"कुठं?"

मी त्यांचं बोट धरून तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीवर ठेवलं. निसर्गाच्या कुशीत. त्यांनी ते बोट बराच वेळ उचललं नाही. जागा ध्यानात ठेवत होते. मग पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि पेढा घेऊन गेले.

एवढंच झालं. चार शब्दसुद्धा नाहीत. त्यावर मी किती वेळा विचार केला असेल, देव जाणे. साहेब बाहेर गेल्यावर मी धावत जाऊन सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशी सांगू शकले असते. पण मला वाटलं, कागदावर असलं काय नि नसलं काय, वाट तर जमिनीवर आहे, ती कुठं जाणार? शिकलेल्या माणसाने स्वतःची समजूत घालायची म्हटली तर त्याला काय कमी.

दोनेक महिन्यांनी साहेबांनी माळाचं बोलणं सुरू केलं. भावकी एकदम तयार झाली नाही. बायका तर मुळीच नाही. डोहाला पाणी प्यायला मेंढरं जायची कुठून, हा त्यांचा एकच सवाल होता. मामांनी सगळ्यांना देवळात बसवलं, खिशातून पत्रक काढलं, तिसरं पान उघडलं, खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की वाटेचं छापून आलंय, बाईंनी स्वतः लिवलंय, आता ती कुणाच्या बापाला अडवता यायची नाही. वस्तीवर वाचता येणारी दोन-तीन पोरं होती, ती कुरकुंभला कंपनीत गेलेली. आणि असती तरी मामांच्या हातातला कागद ओढून कोण वाचणार? सगळ्यांनी अंगठे दिले. हे मला नंतर कळलं.

माळ पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतला. फार सभ्य माणूस. आधी काटेरी तार आली, मग दगडी कंपाऊंड उभं राहिलं, मग फाटक आणि फाटकावर उत्तरेकडचा एक वॉचमन. एका सकाळी वस्तीवरची मेंढरं वाटेने खाली आली आणि भिंतीशी येऊन थांबली. मेंढरांना भिंत कळत नाही. मागची पुढच्यांवर चढायला लागली. मामांनी फाटकाशी जाऊन चपला काढल्या आणि वॉचमनसमोर पत्रक धरलं. तो म्हणाला, "चाचा, मेरे को पढना नहीं आता. साहब बोला अंदर नहीं जाने का." दोघंही न वाचता येणारे, एका कागदाच्या दोन बाजूंना उभे.

मग मामा तो कागद घेऊन फिरायला लागले. सरपंचाकडे गेले, तलाठ्याकडे गेले. प्रत्येकाने वाचून सांगितलं की मामा, यात वाटेचं काही नाही. मामा चिडायचे नाहीत. वस्तीवर येऊन सांगायचे, तेंना बाईंचं मराठी वाचता येत न्हाई. शेवटी ते ऑफिसात आले. साहेब नव्हते. म्हणाले, रविवारी देवळात बैठक हाय, तलाठी भाऊसाहेब येनार हायेत, जिमिनीचं मालक येनार हायेत, तुमी या आन् तेवढं वाचून दावा. तुमच्या हातचं हाय, तुमाला येईल.

मी तेव्हाही सांगितलं नाही. "येते," म्हणाले.

रविवारी गेले. माझी वही पिशवीत घेतली होती. देवळाच्या ओट्यावर तलाठी, मालक, सरपंच, खाली सगळी वस्ती, बायका खांबांना टेकून. मामांनी मला पाणी दिलं, आणि पत्रक माझ्या हातात देऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसले. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. आधी गाव बघा, मग जमीन. लोक हसले, मामा लाजले. चीर गेलेली घंटा आली, सगळ्यांनी वर घंटेकडे पाहिलं. मास्तर आला. आपलंच गाव छापलेलं ऐकताना माणसांचे चेहरे कसे फुलतात, ते तुम्ही पाहायला हवं होतं. मी मुद्दाम सावकाश वाचत होते. तिसरं पान आलं. मामांनी बोट उचलून बरोबर त्या ओळीवर ठेवलं. मी वाचलं, शहराच्या गोंगाटापासून दूर, निसर्गाच्या कुशीत. त्यापुढे ऑफिसचा पत्ता होता.

"फुडं?" मामा म्हणाले.

"पुढं नाही, मामा. वाटेचं नाही लिहिलेलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

खांबाशी उभी असलेली त्यांची भावजय तेवढी म्हणाली, "आमी तुमच्या शब्दावर आंगठं दिलं, भावजी." ती माझ्याकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

मामांनी माझ्या हातातून पत्रक घेतलं. घडी घातली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऱ्हायलं आसंल. छापनाऱ्याकडनं ऱ्हातं कवा कवा. बाईंनी वहीत लिवलंय, म्या सोता बघितलंय."

मी वही काढली, वाचून दाखवली. वाटेच्या दोन ओळी, त्यांच्याच शब्दांत. तलाठी भला माणूस होता. त्याने समजावलं की वही म्हणजे पुरावा नव्हे, वाट वहिवाटीची आहे म्हणून तालुक्याला अर्ज करा, चौकशी होईल. मालक म्हणाले, मामा, माझं तुमच्याशी वैर नाही, तुम्ही केव्हाही चहाला या, पण मेंढरं आत सोडली तर मी लावलेलं एक रोप राहणार नाही. त्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. त्यांना कुणी वाट सांगितलीच नव्हती. सगळं गाव बघून झालं होतं, सगळी माणसं चांगली निघाली होती आणि मेंढरं तहानलेली होती.

अर्ज केला. मी जबाब द्यायला गेले. कागद मागत होते, कागद नव्हता. खरेदीखतावर अंगठे होते आणि वाटेचा शब्द नव्हता. तारखा पडत गेल्या. साहेबांना मी घडलेलं सगळं सांगितलं, ते मान हलवत म्हणाले, वाईट झालं. मी तिथल्या तिथे राजीनामा फेकला असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी पुढे आठ महिने त्याच टेबलावर बसत होते, आणि नंतर नोकरी सोडली ती लग्न ठरलं म्हणून. मामा मात्र त्या रविवारनंतर ऑफिसात आले नाहीत. साहेबांनी एक मोटारसायकलवाला एजंट ठेवला. तो गिऱ्हाइकांना थेट जमिनीवर नेत असे.

वस्तीवरचे लोक मेंढरं सडकेने लांबून वळसा घालून पाण्यावर न्यायला लागले. उन्हात तेवढं अंतर कोकरांना झेपायचं नाही. एसटीतून जाताना मला एकदा मामा दिसले होते. घोंगडीची झोळी पाठीला, झोळीतून दोन कोकरांची तोंडं बाहेर, आणि ते कडेकडेने चाललेले, डांबर तापलेलं म्हणून पायांत चपला. मी खिडकीतून हाक मारली नाही. दोन-तीन वर्षांत वस्तीवरची एकेका घरची मेंढरं बाजारात गेली. वस्तीवर मामांना कुणी टाकून बोललं नाही. फक्त विचारायचं बंद केलं. कुठं पेरायचं, कुणाला मुलगी द्यायची, आधी सगळं त्यांना विचारून व्हायचं, ते होईना झालं. ते आपणहून सांगायला गेले की लोक ऐकून घ्यायचे आणि उठून जायचे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की मामा कवठे येमाईला लेकीकडे राहायला गेलेत. मी शिरूरला नणंदेकडे गेले होते, तिथून एसटी धरून गेले. लेकीच्या गोठ्याच्या पत्र्याखाली बाजेवर बसले होते. वाळले होते. मला लगेच ओळखलं. लेकीला म्हणाले, बाई आल्या, च्या टाक, दुधाचा टाक. मग मला म्हणाले, "आधी गाव बघा." आणि काठी घेऊन खरंच उठायला लागले. मी हात धरून बसवलं.

इकडचं तिकडचं बोललो. मग त्यांनी उशाखालून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. पत्रकाच्या घड्या फाटल्या होत्या, देवळाचा रंग उडाला होता. नजर अधू झालेली, पण बोट न चुकता तिसऱ्या पानावर खालून दुसऱ्या ओळीवर गेलं. "पेन हाय का?" म्हणाले. "ऱ्हायलं हुतं ते लिवा हितं."

मी पत्त्याखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. वस्तीपासून डोहापर्यंत मेंढरांची वाट आहे. ती कुणाची नाही, म्हणून कुणी अडवायची नाही. त्यांनी सही करायला लावली, वाचून दाखवायला लावलं. "बराबर."

मला राहवेना. म्हटलं, मामा, आता याचा काही उपयोग नाही हो.

"मला ठावं हाय की," मामा म्हणाले. "म्या माज्यासाठी न्हाई लिवाय लावलं. त्या दिशी हापिसात तुमी मान फिरवून बोल्ला हुता. मेंढरू आसं मान फिरवून चालाय लागलं की समजायचं, खुरात काटा हाय. माजा जलम मेंढरामागं गेला, आन् मला तवा कळलं न्हाई. कळाय पायजे हुतं. चूक माजी बी हाय." मग माझ्या हातातलं पेन बघून म्हणाले, "आता निगाला का काटा?"

मी हो म्हणाले. त्यांना दुसऱ्यांदा खोटं सांगितलं, आणि या वेळी त्यांच्याकडे बघून सांगितलं. ते हसले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही.

पुढच्या थंडीत मामा गेले. लेकीने कळवलं, पण दिवस होऊन गेल्यावर. कवठ्याला जायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी त्यांच्या गावाला गेले. माळावर आता बंगले आहेत. फाटकावर मोठी पाटी लावली आहे आणि त्या पाटीवर गुळगुळीत अक्षरांत लिहिलं आहे, 'आधी गाव बघा, मग जमीन.' कुणी लिहिलं, कुणाचे शब्द, तिथं कुणाला ठाऊक नाही. मी वस्तीच्या बाजूने गेले. वाट अजून आहे. गवत माजलंय, पण खोली तशीच. भिंतीपर्यंत येते आणि भिंतीशी संपते.

मी तिथं वाकून चपला काढल्या, तळ एकमेकांवर आपटून माती झाडली आणि हातात धरल्या. भिंतीवरून वॉचमन डोकावला. वेगळाच होता, तरुण. म्हणाला, "मॅडम, किससे मिलना है?"

मला नाव सांगता येईना. चपला हातात धरून मी तशीच उभी राहिले.